रडणारी पेटी आणि पितळी पत्रा

त्या सकाळी कुंभकोणात सुंदररावांच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्यांनी स्वस्तात घेतलेला रेडिओ म्हणे पापी माणूस ओळखत होता! शेजारी खडावा घालून मौनस्वामी उभे होते आणि नाव मौन असलं तरी पहाटेपासून त्यांची जीभ टाळूला लागली नव्हती.

सुंदररावांची सून पंकजा नुकतीच न्हाऊन, मडीचं म्हणजे सोवळ्याचं ओलं लुगडं नेसून आली. स्वामींच्या सांगण्यावरून तिनं बटणाजवळ हात नेला, तशी पेटीनं किंकाळी फोडली. स्वामींनी नेला, तर पेटी गप्प.

"ह्या हातास दोष आहे. सुनेस आजच गोविंदपुरास माहेरी धाडा," स्वामी म्हणाले.

सासूबाईंनी, अंबाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. पंकजाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि हे घर तिला मनापासून आवडलं होतं. पण ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकली होती. हात जवळ आला की हा रेडिओ बिथरतो, हे तिनं कधीच हेरलं होतं. ती कटकट मिटवायला कासाराकडून भोकं पाडून आणलेला पितळी पत्रा फडताळात तयार होता.

"आत्याबाई, तुम्हीही मडीतच आहात. जरा हात न्या बघू," ती सासूबाईंना म्हणाली.

अंबाबाईंनी हात नेला. पेटी दुप्पट किंचाळली.

"अय्यो, मजलाही दोष?"

"आता स्वामींनी खडावा काढून ओल्या फरशीवर यावं."

स्वामींना एकाएकी आपलं मौन आठवलं. "उतरा," सुंदरराव म्हणाले. स्वामी उतरले, हात पुढे झाला, आणि पेटीनं त्यांचीही लाज राखली नाही. ओसरी खो खो हसली.

"ओल्या अंगानं, अनवाणी उभं राहिलं की आपण जमिनीशी जोडले जातो," पंकजा म्हणाली. "मग हातानं रेडिओ जास्त बिघडतो. लाकडी खडावांवर तितका नाही. म्हणजे जो सोवळ्यात, तोच पापी ठरायचा."

तिनं वीज बंद केली, बटणांमागे पत्रा बसवला आणि तारेनं जमिनीशी जोडला. पुन्हा सुरू केल्यावर पेटी कुणाच्याच हाताला रडेना. नागस्वर, म्हणजे दक्षिणेकडची सनई, कसा स्वच्छ वाजू लागला.

"सून कोठें जात नाही," अंबाबाई म्हणाल्या. "स्वामींस वाट दाखवा."

बाबांनो, पेटी रडली तर पेटी उघडून पाहावी. सुनेला घराबाहेर काढू नये.