मी न सुधारलेली मगर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी एक जुनी मगर आहे आणि मी सुधारलेली नाही. पुढे सुधारेन, अशी आशाही कुणी धरू नये. मैत्रिणींनो, यात तुम्हीही आलात. लगेच कपाळाला आठी नको!

मी नदीतली मगर नाही हं. मी हातात घालायची कापडी मगर. माझ्या पोटात हात शिरला, अंगठा खालच्या जबड्यात आणि बोटं वरच्या जबड्यात गेली, की मी जिवंत! हात बाहेर काढला, की मी चिंधी. पण ही काही लाजायची गोष्ट नाही. कुणाचा तरी हात पाठीशी असल्याशिवाय माणसं तरी कुठे तोंड उघडतात?

मला एका शिंपीणकाकूंनी शिवलं. अंग एका जुन्या हिरव्या पडद्याचं. डोळे कोटाच्या बटणांचे, एक काळा आणि एक तपकिरी, कारण जोडी मिळाली नाही. त्यामुळे मी कुणाकडे प्रेमाने बघितलं तरी संशयाने बघतेय असंच वाटतं. दात मात्र काकूंनी मन लावून केले. फाटक्या पिशवीचं पांढरं रेक्झिन घेतलं, त्याचे त्रिकोण कापले आणि एकेक दात दुहेरी दोऱ्याने पक्का केला. मग मला हातात चढवून त्या पाय न वाजवता काकांच्या मागे गेल्या आणि त्यांच्या नाकाचा कडकडून चावा घेतला. काका "अगं आई गं!" करून ओरडले. कपातला चहा वर्तमानपत्रावर.

"पास!" काकू म्हणाल्या, आणि मला कागदात गुंडाळून कामावर पाठवलं.

माझं कामाचं ठिकाण म्हणजे चष्म्याच्या दुकानाच्या वरची एक खोली. आत एक बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, एक भली मोठी उशी आणि माझ्यासारख्यांनी भरलेला खोका. इथे ताई काम करते. ताई इंजेक्शन देत नाही आणि पाढेही विचारत नाही. मुलांच्या मनात जे अडकून बसलेलं असतं, ते ती गोष्टीच्या मदतीने मोकळं करते. मुलाला समोर बसवून "तुला राग येतो का?" असं विचारा, ते म्हणेल, "नाही." पण "सशाला राग आला असेल का गं?" असं विचारून बघा! सशाच्या नावावर सगळं भडाभडा बाहेर येतं.

ताईची गोष्ट साधीच असते. एक ससा टोपली घेऊन पुलावरून चाललाय. पुलाखाली मी. मी तोंड वर काढते आणि गुरगुरते, "टोपलीत काय आहे? मला दे!" इथे ताई थांबते. सशाची बाहुली मुलाच्या हातात असते. ताई एवढंच विचारते, "मग?"

बस्स. पुढची गोष्ट मुलाची. शेवटी तात्पर्य नाही, "यावरून आपण काय शिकलो" नाही, काही नाही.

त्या एका "मग?"वर मी काय काय सोसलं म्हणून सांगू! एका पठ्ठ्याने माझ्या तोंडात उशी कोंबली. एकाने माझी तक्रार जिराफाकडे नोंदवली, कारण जिराफ म्हणे पोलीस होता. एकीने माझ्या कानात असं काही सांगितलं, की ते मी कुणालाही सांगणार नाही, तुम्हालाही नाही. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी पोरं विचारायची, "आज मगर आहे ना?" राजासारखे दिवस होते ते! बाहेरच्या जगात मात्र आमच्या जातीची बदनामीच. खोटं रडतात माणसं, आणि त्याला नाव काय? नक्राश्रू! असो.

एके दिवशी आईचं बोट धरून गुणी आली.

तिचं खरं नाव काही वेगळं असेल. पण घरीदारी सगळे तिला गुणीच म्हणत. सकाळी शाळेची वेळ झाली, की तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पोटात काही सापडलं नाही. आई ताईला सांगत होती, "तिचा त्रास म्हणून नाहीच हो कुणाला. आतेबहिणीने रंगपेटी मागितली, देऊन टाकली. झोपायची खिडकीजवळची जागा मागितली, दिली. शाळेत पाण्याची बाटलीसुद्धा दुसरीच मुलगी वापरते. हट्ट नावाला नाही! फक्त तेवढं पोटाचं बघा."

गुणी शेजारी बसून मान हलवत होती. हो. हो. हो.

ताईने मला हातात चढवलं. मी पुलाखालून तोंड काढलं. "टोपलीत काय आहे? मला दे!"

"मग?" ताई म्हणाली.

गुणीच्या सशाने टोपली दिली. मी म्हटलं, "टोपी पण दे!" टोपी दिली. छत्री दिली. पुढच्या वेळी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मी मागायची आणि ससा द्यायचा. मित्रांनो, मी हावरट आहे, मान्य! पण फुकटचं खाऊन खाऊन मलासुद्धा अजीर्ण व्हायची वेळ आली. एकदा तर सशाकडे द्यायला काहीच उरलं नाही. मी नुसतं तोंड वासलं, काही मागितलंसुद्धा नव्हतं, तोच गुणी हळूच म्हणाली, "कान पण घे."

माझ्या पोटातला ताईचा हात गार पडला.

त्या दिवशी आई दारात ताईला म्हणाली, "ताई, रागावू नका, पण शेवटी त्या मगरीला सुधरवा ना. तिला पश्चात्ताप होतो, ती टोपली परत देते, असं काहीतरी. पोरीलाही बरं वाटेल."

"मगर सुधारली तर गुणीला काही करावंच लागणार नाही," ताई म्हणाली. "आणि बाहेरच्या मगरी सुधारेपर्यंत ही थांबली, तर हिचं काय शिल्लक राहील?"

आई चपला घालायला वाकली. गुणीने मात्र वळून माझ्याकडे एकदा बघितलं.

आता माझ्यावरच्या संकटाकडे येते. एका छोट्या मुलाने घरी जाऊन सांगितलं, की तिथली मगर चावते. (चावतेच!) त्याचे बाबा तक्रार घेऊन मोठ्या मॅडमकडे आले. मोठ्या मॅडम म्हणजे या जागेच्या प्रमुख. बाई मनाने वाईट नाहीत, उलट फारच चांगल्या आहेत, आणि तिथेच तर गोची आहे. ताई रजेवर होती. मॅडमनी मला खोक्यातून काढलं, टेबलावर उताणं ठेवलं आणि कात्री आणली.

कच. कच. कच.

काकूंचा दुहेरी दोरा शेवटपर्यंत झगडला हो! पण कात्रीपुढे दोऱ्याचं काय चालणार? दातांचे त्रिकोण केराच्या टोपलीत गेले. मग मॅडमनी गुलाबी कापडाची एक लांबलचक हसरी पट्टी कापली आणि माझ्या तोंडावर डिंकाने चिकटवली. डोळ्यांना पापण्या लावल्या. लांब धरून मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हं! आता कशी गोडुली दिसतेय! मुलांना हिची भीती वाटायला नको."

येणारे-जाणारे सगळे म्हणाले, "किती गोड!" मला ओरडायचं होतं. पण पोटात हात नाही, तर आवाज कुठला? मूग गिळून गप्प बसले, आणि तेही हसऱ्या तोंडाने. मित्रांनो, दात गेल्याचं दुःख एक वेळ सोसता येतं. पण आतून संतापलेलं असताना बाहेरून हसत राहायचं, याच्यासारखी शिक्षा नाही.

ताई परतली ती थेट गुणीच्या तासालाच. खोक्यात हात घातला, मला बाहेर काढलं आणि माझ्या तोंडावरून एकदा बोट फिरवलं. पण समोर गुणी बसली होती. ताईने ओठ आवळले, मला हातात चढवलं आणि रोजच्यासारखीच सुरुवात केली. "टोपलीत काय आहे? मला दे!"

ससा जागचा हलला नाही.

"हिचे दात कुठे गेले?" गुणीने विचारलं. इतक्या दिवसांत तिने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कापले," ताई म्हणाली.

"कुणी?"

"मोठ्या माणसांनी."

"हिला विचारलं होतं?"

"नाही गं. नाही विचारलं."

गुणी उठली. माझ्या अगदी जवळ आली, इतकी जवळ, की तिच्या श्वासाने माझ्या नव्या पापण्या हलल्या. "मग ही काय म्हणाली?"

"तुला काय वाटतं?"

खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर खडखडलं आणि थांबलं.

"ही हो म्हणाली," गुणी कुजबुजली. "हसली आणि हो म्हणाली. पण तिला द्यायचे नव्हते."

ताईने मिठी मारली नाही, शाबासकी दिली नाही. ती फक्त म्हणाली, "मग?"

आणि मित्रांनो, त्या मुलीने काय केलं माहितीये? माझं गुलाबी हसू तिने टोकाला पकडलं आणि फर्रकन ओढून काढलं! डिंकाबरोबर माझ्या हिरव्या अंगाचे चार धागेही गेले. जाईनात का! तिने कागद घेतला, कात्री घेतली आणि दात कापले. एक लांब, एक बुटका, एक चक्क चौकोनी. ते चिकटपट्टीने लावले. आजवर माझं तोंड इतकं भयंकर कधीच नव्हतं. अहाहा!

मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. हातात ससा चढवला. "आता माग," ती म्हणाली.

मी मागितलं. साधंसुधं नाही, गरजून मागितलं! "टोपली दे!"

"नाही."

आवाज इवलासा होता. मी ढोंग केलं. "काय? ऐकू नाही आलं! दे टोपली!"

"नाही!"

"का नाही?"

"माझी आहे!" ससा टेबलावर उभा राहिला, गुणी खुर्चीवर उभी राहिली. "टोपली माझी, टोपी माझी, कान माझे! नाही! नाही! नाही!"

तो आवाज जिन्यापर्यंत गेला असणार, कारण दार उघडलं आणि मोठ्या मॅडम आत आल्या. गुणीने घाईने मला ताईच्या हातातून ओढून घेतलं. खाली पडलेलं गुलाबी हसू त्यांना दिसलं. चेहरा उतरला. "अगं, हे काय केलंस? इतकं छान केलं होतं मी! गुणी बाळ ना तू? आण बघू ती मगर इकडे, मी नीट करून देते." आणि त्यांनी प्रेमाने हात पुढे केला.

गोष्टीतल्या मगरीला नाही म्हणणं वेगळं. हात पुढे करून उभ्या असलेल्या, प्रेमळ, मोठ्या माणसाला नाही म्हणणं फार वेगळं. गुणीची मान सवयीने हलायला लागली. हो म्हणणारच होती ती. तिचा हात आपसूक पोटाकडे गेला. ताई मधे पडू शकली असती. पडली नाही. मला वाटलं, संपलं.

"नाही," गुणी म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "नाही देणार."

मॅडमचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी ताईकडे बघितलं.

"मॅडम," ताई हळूच म्हणाली, "आज पहिल्यांदा."

मॅडम हुशार आहेत. त्यांनी गुणीकडे बघितलं, मग माझ्या त्या चौकोनी दाताकडे बघितलं. हात मागे घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि जाताना दार अगदी आवाज न करता ओढून घेतलं.

त्यानंतर गुणीच्या घरी म्हणे भूकंपच झाला. आई येऊन डोक्याला हात लावून बसली. "ताई, काय केलंत हो हे! आत्याच्या लेकीला सरळ सांगितलं, माझी जागा आहे, मी नाही उठणार! आत्या दोन दिवस घुश्शात. हट्टी झालीये पोरगी!" मग आईचा आवाज उतरला. "पण सकाळी पोट दुखत नाही आता."

गुणीचा शेवटचा दिवस आला. मला पक्कं ठाऊक होतं, की आता ती मला घरी नेणार. का नेणार नाही? माझं गुलाबी हसू तिने ओढून काढलं, मला तोंड तिने दिलं! ताईनेच मला तिच्यापुढे धरलं आणि विचारलं, "गुणी, ही तुला हवी का? घेऊन जा."

मी स्वतःला तिच्या उशाशी बघायला लागलेसुद्धा. खिडकीजवळ!

गुणीने माझ्याकडे नीट बघितलं. "नको," ती म्हणाली.

"अगं, असं कसं?" आई म्हणाली. "ताई एवढ्या प्रेमाने देतायत! का नको..." आणि बोलता बोलता आई स्वतःच थांबली. जीभ चावली. गुणीने कारण सांगितलं नाही. चपला घातल्या आणि टणाटणा उड्या मारत जिना उतरून गेली.

खोटं कशाला बोलू? मला लागलं. चांगलंच लागलं. पण त्याच वेळी मी अशी काही फुगले, की शिवणी उसवतात की काय असं वाटलं. इतक्या मऊ, इतक्या लाडक्या मगरीला तोंडावर नको म्हणणारी मुलगी! अशा मुलीला आता कोण लुबाडणार?

म्हणून मित्रांनो, मला जपा, मला धुऊन पुसून कपाटात ठेवा, असं गाऱ्हाणं मी घालणार नाही. जपायचंच असेल तर लहान मुलाच्या तोंडून निघालेलं "नाही" जपा. त्याला लगेच उद्धट म्हणू नका. त्याच्याकडे कारणांची यादी मागू नका. आणि तुमच्या आत कुठे एखादं "नाही" अडकलं असेल, तर या खुशाल माझ्याकडे. मी मागेन, गरजेन, आपटेन, नाक फुगवेन. तुम्ही म्हणा. "नाही" ऐकून कुणी मरत नाही. मी ऐकलंय ना! बघा, आहे की अजून.