शिवराजच्या नावाचा खण

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला दोन महिने घरात बसवलं, तिथून या भानगडीला सुरुवात झाली. वैजापूरच्या बाजार समितीत मी तीस वर्षं काढली. गलक्यात वाढलेला माणूस पुंडलिकनगरच्या तीन खोल्यांत कसा मावणार? मी येता-जाता सगळ्यांवर खेकसायला लागलो. शेवटी माझा मुलगा शिवराज टीव्हीखालच्या काळ्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाला, "नाना, भुतं मारा. माणसांना सोडा." तो खेळ त्यानंच हौसेनं आणला होता. थोडे दिवस खेळला, मग बिडकीनच्या कारखान्यात शिफ्ट बदलल्या आणि मशीनवर धूळ बसली.

खेळ तसा सरळ आहे. तळघरात उतरायचं, भुतं मारायची, ती मेली की वस्तू पडतात त्या उचलायच्या, अंगावर चढवायच्या आणि आणखी खोल उतरायचं. पांढरी वस्तू म्हणजे कचरा, निळी बरी, पिवळी चांगली आणि सोनेरी पडली तर नशीब उघडलं. कांद्याची प्रतवारी बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पण हा खेळ जोडीनं खेळण्यात मजा आहे, आणि जोडीला कोण? आमच्या मनकर्णाबाईंनी कंट्रोलरला हात लावायलासुद्धा नकार दिला. राहिली सून, तनुजा. गणितात एम.एस्सी., संध्याकाळी दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेते, दुपारी दोन ते चार मोकळी. पहिल्या दिवशी ती प्लास्टिकची खुर्ची ओढून लांब, एका कडेला बसली. सासऱ्याच्या शेजारी सोफ्यावर बसायचं कसं! महिनाभरात तीच बाई सोफ्यावर मांडी घालून ओरडत होती, "मामा, मागं सरका! मरायचंय का?" माझ्या बापाला घरातल्या सुनेनं असं म्हटलं असतं तर त्यांनी ताट भिरकावलं असतं. मला मात्र ते फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू. त्या दोन तासांत आमच्यात सासरा-सून असं काही उरायचं नाही.

माझ्या गड्याचं नाव मी कडुबा ठेवलं, आमच्या गावच्या एका पैलवानाचं. प्रत्येक लेव्हलला पॉइंट मिळतात, ते मी सगळीकडे थोडे थोडे वाटले. ताकदीला दोन, जादूला दोन, पळायला दोन. कुणावर अन्याय नको.

"मामा, ही काय पंगत हाय व्हय, सगळ्यांना वाढत सुटायला?" तनुजा म्हणाली. तिनं कडुबाचे पॉइंट मोडून पुन्हा लावायला लावले. सगळे ढालीत आणि हाडांत.

तिची तिरंदाज होती. नाव सरिता, तिच्या शाळेतल्या कबड्डीच्या कॅप्टनचं. ही सरिता तिनं वहीत गणितं मांडून घडवली. चिलखत नाही, जादू नाही, सगळं काही वेगात आणि नेमात. "एक धड यायचं तर बाकीचं सोडावं लागतं," म्हणायची. कडुबानं पुढं राहून मार खायचा, सरितानं मागून टिपायचं. आणि जीव एकच घ्यायचा, हा तिचाच हट्ट. खेळात तशी सोय आहे. मेलं की गडी कायमचा गेला. "दुसरा जीव असला की माणूस आळशी होतो, मामा."

एकाच गोष्टीवर ती नाराज असायची. "एवढी भुतं मारली, पण चांगलं धनुष्य कसं पडत नाय हो?"

"नशीब," मी म्हणायचो.

धनुष्यं पडत होती. पुढं मी असायचो, म्हणून उचलायचो मी. ती वहीत डोकं घालून असली की आणखीच सोपं. शिवराजचाही खेळातला गडी तिरंदाजच होता. खेळात सापडलेलं साठवायला प्रत्येकाला एक पेटी असते; माझ्या पेटीतला सगळ्यात वरचा खण मी त्याच्या नावानं ठेवला होता आणि सोनेरी धनुष्य दिसलं की ते तिकडं जायचं. पोराला सवड मिळाली की खेळेल, तेव्हा त्याला हाताशी असावं. हे मी कधी बसून ठरवलं नाही. आमच्यात आंब्याची पहिली पाटी मुलाची, गाडीत पुढची जागा मुलाची. हात आपोआप गेला. दिवाळीच्या सुमारास एक ताईत सापडला, मरताना एकदा जीव परत देणारा, आणि तोही तिरंदाजाचाच. तोही खणात गेला.

जानेवारीत आम्ही तळघराच्या पार तळाशी पोचलो. तिथं दोन तोंडांचा राक्षस होता. त्यानं कडुबाला भिंतीवर आपटलं आणि पुढच्या फटक्यात सरिताला गाठलं. पडदा करडा झाला. सरिता, लेव्हल चौऱ्याऐंशी, दोनशे एकतीस तास.

तनुजानं कंट्रोलर हळूच खाली ठेवला. डोळे भरले होते. "असू द्या मामा. माझंच धनुष्य कमी पडलं," ती म्हणाली.

तेव्हा मला सांगता आलं असतं. मी चहा मागितला.

रविवारी शिवराजला सुट्टी होती. सहज म्हणून त्यानं कंट्रोलर हातात घेतला आणि मी काही म्हणायच्या आत माझी पेटी उघडली. "आयला, नाना! ही एवढी धनुष्यं कुणाची?"

"तुझी. तुझ्यासाठी ठेवलीत."

"मला कशाला? मी तो खेळ कधीच सोडला." त्यानं पडद्यावरची खूण ताईतावर नेली आणि खालचं मोठ्यानं वाचलं. मरताना एकदा जीव परत.

तनुजा मागं कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकच विचारलं, "हा कधी घावला?"

"दिवाळीत," मी म्हणालो. ती घड्या घेऊन आत गेली.

पुढचे तीन दिवस तिनं माझं सगळं वेळेवर केलं. मामा, चहा. मामा, गोळी घेतली का. दोन वाजले की आपल्या खोलीत. कशालाच नाव ठेवता येईना, इतकी ती चांगली वागत होती. सोफ्यावर मी एकटा बसलो आणि मला स्वतःची लाज वाटली. सुनेच्या तोंडून "मरायचंय का" ऐकायला मिळणं ही किती मोठी गोष्ट होती, ते तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सासू-सून मेथी निवडत होत्या. "तनुजा, चुकलं माझं," मी म्हणालो. मनकर्णाबाईंचा हात जागीच थांबला. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसरीच्या वाट्याला आलेलं.

तनुजानं मान वर केली. "ताईताचं काय नाय, मामा. खेळच हाय तो. पण मी रोज विचारत होते, अन् तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून नशीब म्हणत होता."

मी मान खाली घातली.

"जा गं बाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मेथी मी निवडते. ह्यांचं तोंड बघवंना मला."

तनुजा उठून सोफ्यावर आली आणि तिनं नवी तिरंदाज केली. या वेळी नाव तनुजाच ठेवलं. मी पेटी उघडली आणि वरचा अख्खा खण तिच्या पायाशी ओतला. तिनं एकेका धनुष्यावर खूण नेली. प्रत्येकाखाली लाल अक्षरं आली, लेव्हल पासष्ट लागेल.

"आता हे मला पेलत नाय, मामा," ती शांतपणे म्हणाली. "तवा पेलत होतं."

मी कडुबाला तिथंच सोडलं आणि मीही नवा गडी घेतला, लेव्हल एक, हातात लाकडी ढाल. आम्ही गावाबाहेरच्या पहिल्या विवरात उतरलो. पाच-सहा उंदीर मारले आणि एक धनुष्य पडलं. निळं, अगदी साधं. मी थांबलो. मोठ्या मनानं "घे, तुझंच आहे" म्हणायला तोंड उघडलं, तोवर जमीन मोकळी झाली होती. धनुष्य तिच्या खांद्यावर होतं आणि ती माझ्याही पुढं निघून गेली होती.

"मामा, ढाल वर धरा! मरायचंय का?"

मी ढाल वर धरली आणि तिच्या मागून पळत सुटलो.