कवडू मिस्त्रींचे कान

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि असं समजा, की एके सकाळी तुम्ही उठलात आणि जगातले सगळे बारीक आवाज नाहीसे झाले आहेत. ट्रकचा भोंगा ऐकू येतो, शेजारच्यांचं भांडण ऐकू येतं. पण चिमणी चोच उघडते, मिटते आणि मधे काहीच नाही. दूध उतू जातं तेही मुकाट्यानं. घाबराल ना? आता याच्या पुढचं समजा. आवाज ऐकणं हाच तुमचा धंदा आहे, त्याच्यावरच तुमची भाकर आहे. उघडा डोळे. आपल्याला वाडीला जायचं आहे.

नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की वाडी येते. तिथं एका गोदामाच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, कवडू मिस्त्री जुन्या जर्मन गाड्या दुरुस्त करत. साध्यासुध्या नव्हेत, मोठ्या इंजिनाच्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या आणि तितक्याच नखरेल. वीस वर्षांची तशी गाडी कुणाला विकत घ्यायची असली, की तो आधी मिस्त्रींना घेऊन जाई. मिस्त्री बोनेट उघडत, गाडी सुरू करायला लावत आणि मान तिरकी करून ऐकत. मग म्हणत, "घ्या," नाहीतर "राहू द्या." त्यापुढे कुणी वाद घालत नसे.

पन्नाशी उलटली आणि मिस्त्रींना बारीक आवाज येईनासे झाले. ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली. ते माणूस बारा वर्षांचं होतं. हर्षा, त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. ती त्यांना मोठेबाबा म्हणे.

शाळा सुटली की हर्षा शेडमध्ये येई. मिस्त्री एखादं इंजिन सुरू करत आणि विचारत, "काय म्हणून राहिलं हे?"

"टिकटिक करून राहिलं."

"घड्याळासारखी का पालीसारखी?"

"पालीसारखी."

"मंग त्याले तेल पाहिजे. पोट रिकामं आहे त्याचं."

असं करत करत वर्षभरात तिचे कान तयार झाले. मिस्त्रींनी तिला सगळ्यात आधी शिकवला तो नियम मात्र कानाचा नव्हता, हाताचा होता. गाडी पाहायला गेलं की आधी बोनेटवर हाताची मागची बाजू टेकवायची. बोनेट थंड असलं पाहिजे. का, ते नीट समजून घ्या. या गाड्यांच्या इंजिनात एक साखळी असते. ती प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून फिरते, आणि तेलाच्या दाबानं ताठ राहते. पट्ट्या झिजल्या असतील तर रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडते. मग तेल वर पोचतं आणि आवाज बंद. म्हणजे गाडीचा आजार त्या दोन-तीन सेकंदांतच कळायचा. कुणी आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर काहीच कळत नाही.

बोनेट गरम लागलं, किंवा कानाला काही खटकलं, तर मालकासमोर बोलायचं कसं? त्यासाठी त्या दोघांचं ठरलं होतं. हर्षानं म्हणायचं, "मोठेबाबा, मले भूक लागली." मग मिस्त्री हात पुसत, उद्या येतो म्हणत आणि निघत. गिऱ्हाईकं हसत. "मिस्त्री, पोरगी लय खादाड आहे तुमची." मिस्त्रीही हसत. "काय करता बापा, वाढतं वय आहे."

तीस वर्षं मिस्त्रींनी दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावला. स्वतः मात्र ते स्कूटरवर फिरले. आणि मग जानेवारीत कळलं, की धरमपेठेतले मधुसूदनराव आपली निळी गाडी विकणार आहेत. एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, हातानं बदलायचे गिअर. तसली गाडी मिस्त्रींनी कितीदा उघडली आणि मिटली होती. या वेळी त्यांना ती स्वतःसाठी हवी होती.

रविवारी सकाळी सातला दोघं स्कूटरवरून निघाली. थंडी चांगलीच होती. वाटेत मिस्त्रींनी स्कूटर थांबवून हर्षाला तर्री-पोहे घेऊन दिले. तिची प्लेट संपली तशी दुसरी मागवली.

"एवढं नाही जाणार मोठेबाबा."

"खा वं, पोटभर खा. आज तुले भूक नाही लागली पाहिजे."

असं म्हणून ते हसले. पोहेवालाही हसला. हर्षा हसली नाही. तिनं दुसरी प्लेटही संपवली, शेवटच्या दाण्यापर्यंत.

गाडी पोर्चमध्ये उभी होती, धुऊन पुसून. मिस्त्री फाटकातच थांबले. स्वेटर खाली ओढून त्यांनी नीट केला, जसा एखादा माणूस लग्नाच्या बोलणीला जाताना करतो. मधुसूदनराव त्यांच्याशी बोलू लागले आणि हर्षा नेहमीप्रमाणे पुढे गेली. तिनं हाताची मागची बाजू बोनेटवर टेकवली.

बोनेट गरम होतं.

गाडीजवळ फडकं घेऊन उभे असलेले ड्रायव्हर धोंडबा तिला म्हणाले, "आत्ताच हवा भरून आणली बेटा. तुम्ही येणार म्हणून."

यात कुणाची लबाडी नव्हती. पाहुण्यांसमोर गाडी चांगली दिसावी, एवढंच त्या भल्या माणसाच्या मनात होतं. हर्षालाही तसंच वाटलं. तिनं मागे वळून पाहिलं. मोठेबाबा गाडीच्या छतावरून हात फिरवत होते, अगदी हळू. त्यांच्या तोंडावर असं काही होतं जे तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

हर्षा गप्प राहिली.

गाडी सुरू झाली. कुठेही खडखड नाही. मिस्त्रींनी गाडीखाली वाकून पाहिलं, तेलाचं झाकण उघडून पाहिलं, एक चक्कर मारून आणली. गाडी सर्व परीक्षांत पास झाली. सौदा ठरला. स्कूटर तिथंच ठेवून गाडीतून घरी परतताना हर्षा पुढच्या सीटवर बसली होती. मिस्त्री एका हातानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या हातानं उगाचच काच खाली-वर करत होते.

तीन आठवडे मिस्त्री वेगळेच माणूस होते. संध्याकाळी ते हर्षाला घेऊन कोंढाळीच्या बाजूला संत्र्याच्या बागांपर्यंत जात. "पाहा कशी ओढून राहिली," असं ते दर वेळी म्हणत. आणि रोज सकाळी मिस्त्री गाडी सुरू करत तेव्हा हर्षा शाळेत नाहीतर आपल्या घरी असे. साखळी रोज दोन-तीन सेकंद खडखडत होती. ऐकणारं तिथं कुणी नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, वाडीच्याच चौकात, इंजिनातून एकदाच मोठा आवाज आला. तो मिस्त्रींनाही ऐकू आला. गाडी तिथेच बसली.

त्यांनी इंजिन स्वतः उघडलं. हर्षा बाजूला उभी होती. खालच्या टाकीत, तेलामध्ये, प्लास्टिकच्या पट्ट्यांचे तपकिरी तुकडे पडले होते. साखळी घसरली होती, व्हॉल्व्ह वाकले होते, पिस्टनवर त्यांचे खळगे पडले होते. मिस्त्रींनी एक तुकडा उचलला, दोन बोटांत धरून बराच वेळ पाहिला. हे एका दिवसाचं काम नव्हतं. पट्ट्या घेतानाच झिजलेल्या होत्या.

"हर्षे," ते म्हणाले, "त्या दिवशी तू म्हटलं असशील."

हर्षाला काही कळलं नाही.

"भूक लागली म्हणून. तू म्हटलं असशील वं. मलेच ऐकू नाही आलं." ते तिच्याकडे पाहत नव्हते. "आतापर्यंत इंजिनाचंच नाही येत होतं. आता माणसाचंही गेलं. तुहं गेलं."

हर्षानं तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, की नाही, मोठेबाबा. पण तिनं तोंड परत मिटलं. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर तळहाताऐवजी मनगट टेकवलं, कारण तळहात तेलानं भरलेला होता. "तुहा काही दोष नाही," ते म्हणाले.

पहिल्यांदा ती गप्प राहिली ते त्यांच्या आनंदासाठी. या वेळी ती स्वतःसाठी गप्प राहिली, आणि दोन्हींतला फरक तिला त्याच क्षणी कळला होता.

त्यानंतर मिस्त्री सगळ्यांना म्हणू लागले, "जरा जोरानं बोल गा." जे नीट ऐकू येई तेही ते दोनदा विचारत. हर्षा काही बोलली की तिच्या ओठांकडे बघत. निळ्या गाडीवर ताडपत्री आली. शेड पुढच्या महिन्यापासून एका पंक्चरवाल्याला द्यायचं ठरलं आणि मिस्त्रींनी समोरच्या गोदामात चौकीदारीचं बोलून ठेवलं. तिथे काही ऐकावं लागत नाही, असं ते म्हणत.

महिना संपायला दोन दिवस असताना केयूर आला. हे मिस्त्रींचं जुनं गिऱ्हाईक, पोरगा तिशीचा, गाड्यांचा वेडा.

"मिस्त्री, रामदासपेठेत एक गाडी बघून ठेवली आहे. उद्या सकाळी चला."

"नाही गा. दुसरा पाहा कोणी."

"काहून? तुमच्याशिवाय मी आजपर्यंत गाडी घेतली का कधी?"

"माहे कान गेले, केयूर."

"काहीही बोलता तुम्ही. आत्ता माझं ऐकून राहिले ना?"

मिस्त्री लोखंडी पाने एकेक करून पोत्यात टाकत होते. ते हसले. "अरे, बाजूला उभं राहून ही पोरगी मले सांगून राहिली होती, ते नाही ऐकू आलं. तू इंजिनाचं काय घेऊन बसला?"



हर्षा दाराशी होती. पाठीवर दप्तर तसंच होतं.

"मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "बोनेट गरम होतं. मले कळलं होतं. मी बोललीच नाही."

केयूरनं आधी तिच्याकडे, मग मिस्त्रींकडे पाहिलं आणि तो हळूच बाहेर जाऊन उभा राहिला.

मिस्त्रींच्या हातातला पाना पोत्यात पडला नाही, हातातच राहिला. मग त्यांनी मान वर केली.

"काय म्हणाली वं?" ते म्हणाले. "ऐकू नाही आलं."

पण हर्षानं त्यांचे डोळे पाहिले होते. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. ते तिला अजून एकदा संधी देत होते. आता तिनं नुसतं 'काही नाही' म्हटलं असतं, तर ते मान हलवून पुन्हा पाने भरायला लागले असते, आणि ती आयुष्यभर त्यांची लाडकी राहिली असती.

हर्षानं दप्तर खाली ठेवलं. ती चालत त्यांच्यासमोर आली, आणि आवाज जराही न चढवता तेच शब्द तिनं पुन्हा म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मोठेबाबा काय म्हणतात ते ऐकायला ती तिथंच उभी राहिली.