घोड्यावरची मुलगी

प्रतिभाताईंनी पोथीभोवतीचा दोरा सोडला आणि पांढऱ्या कव्हराची कड नखाने हळूच उचलली.

"पहिले हात धुई ले," रंजनाबाई म्हणाल्या.

प्रतिभाताईंनी ओले तळवे वहिनीला दाखवले.

जुन्या अद्भुत कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या वेष्टनासकट जमवण्याचा नाद प्रतिभाताईंना निवृत्तीनंतर लागला होता. लहानपणी भूपेंद्रभाऊ वाचून दाखवायचा, त्या एका कादंबरीची पहिली आवृत्ती मात्र अजून हाती लागली नव्हती. मिळेल त्या प्रतीच्या वेष्टनावर पंखांचा घोडा असे, राजपुत्र असे, खाली नदी असे. त्यांना आठवत होती ती राजपुत्रामागे बसलेली दोन वेण्यांची मुलगी मात्र नसे. म्हणजे आवृत्ती नंतरची, असे म्हणून त्या प्रत परत पाठवत. पुण्याचे पुस्तकविक्रेते योगेंद्र शेवटी वैतागले होते. "ताई, ही पहिलीच आहे. मुलगी कधी नव्हतीच."

भाऊच्या वर्षश्राद्धाला त्या माहेरी, प्रकाशा गावी आल्या, तेव्हा कळले की घरच्या प्रतीला वाळवी लागली, पण वेष्टन शाबूत आहे. उलटे करून पोथीवर घातलेले.

"देवघरमा पंखवाला घोडानं चित्र बरं दिखत नही," रंजनाबाई म्हणाल्या होत्या.

आता कव्हर सुटले. आतल्या बाजूला ऊन न लागलेले रंग तसेच ताजे होते. घोडा. राजपुत्र. तापीसारखी रुंद नदी.

मागे कोणी नव्हते.

प्रतिभाताईंनी चष्मा पुसला. कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. आतल्या घडीवर भाऊचेच अक्षर होते, नाव आणि शाळा. मग ती मुलगी कुठल्या पुस्तकातली? त्यांना नदीकाठची पायरी आठवत होती, घोड्यावर बसायचे म्हणून आपले रडणे आठवत होते, भाऊच्या बोटांचा कणकेच्या खळीचा वास आठवत होता. जूनमध्ये सगळ्या गल्लीच्या वह्यांना तोच कव्हरे घालायचा.

"इतला वरीस कागदवरनी पोरगी शोधी ऱ्हायनी तू?" रंजनाबाई हसल्या. "गावमा कमी शेतस का पोरी?"

प्रतिभाताई हसल्या नाहीत. कागद घेऊन त्या दारातल्या उजेडात गेल्या. घोड्याच्या पाठीवर, राजपुत्रामागे, एक पिवळट डाग होता. कडांना कसरीच्या किड्यांनी कुरतडलेला.

"वहिनी, हे काय शे?"

"तठे काही चिटकाडेल व्हतं. कव्हर घालताना निंघी पडनं." रंजनाबाई जवळ आल्या. "काबरं? कामनं व्हतं का?"

प्रतिभाताईंनी डागावरून बोट फिरवले. खळ अजून खरखरीत लागत होती. वर वाटोळी, खाली पसरट. आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरलेल्या दोन बारीक रेघा. त्यांचा हात नकळत स्वतःच्या विरळ केसांपाशी गेला.

फोन वाजला. योगेंद्र होते.

"मग ताई? आहे का मुलगी?"

"आहे."

"काय सांगता! फोटो पाठवा ना."

प्रतिभाताईंनी कागद आपल्याकडे वळवून धरला.

"फोटोत यायची नाही ती," त्या म्हणाल्या.