अडीच फेरे

वाटाण्याएवढं ते काळं छिद्र पुन्हा मान फिरवून बसलं होतं. पूर्ण पाठ नाही, रुसलेलं माणूस वळवतं तेवढीच अर्धी मान... धनुष्य ताणलं की दोरीत बसवलेलं हे पीप डोळ्यासमोर गोल उघडायला हवं, त्यातून निशाण दिसायला हवं. आणि तिला दिसत होती नुसती त्याची कड. खरं तर दोरीला अर्धा पीळ दिला की काम झालं. पण कंपाउंड धनुष्याची दोरी काही कपडे वाळत घालायची दोरी नव्हे. दोन टोकांच्या चाकांवर ती अशी ताणलेली असते, की वरची-खालची पाती दाबून धरणारं प्रेस असल्याशिवाय तिला हात लावता येत नाही. आणि प्रेस होतं दादाकडे—दोन बस बदलून, त्याच्या गॅरेजातल्या ओट्याला बोल्टांनी जखडलेलं, दादाइतकंच जागचं न हलणारं.

आता पुरे, असं तिनं दात घासताना ठरवलं. पंधरा दिवसांवर तिरंदाजी क्लबच्या संघाची निवड आली होती. घरी वापरायचं, पिशवीत मावणारं प्रेस आजच घ्यायचं.

रुग्णालयाच्या भांडारात ती एकवीस वर्षं होती. माणसं काय मागतात आणि त्यांना काय लागतं, यातला फरक तिला तोंडपाठ होता: वरच्या मजल्यावरची मोठी सिस्टर सहा गठ्ठे लागत असले की दहा मागायची, नवा डॉक्टर दहा लागत असले की लाजून चार. ती दोघांनाही नेमकं द्यायची आणि वर दोघांचे आभारही घ्यायची. दादा तिला मोजपट्टी म्हणायचा. चिडवायला म्हणायचा, पण तिला ते बिरुदासारखं वाटायचं... आणि खांदा? दोन वर्षांपूर्वी तो दुखावला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पन्नाशीनंतर हा नाद सोडा. तिनं रोज सकाळी रबरी पट्टी चाळीस वेळा ओढली आणि पाचव्या महिन्यात तेच धनुष्य, ओढीचं तेच पंचेचाळीस पौंड वजन, लोण्यातून सुरी जावी तसं ओढून दाखवलं. व्यायाम शिकवणारी मुलगी अजून इतर पेशंटना तिचं उदाहरण द्यायची. तीही ते ऐकायला मुद्दाम त्या खोलीवरून जायची.

जेवणाच्या सुट्टीत धनुष्य घेऊन ती तिरंदाजीच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार उजवा कोपर काउंटरवर टेकूनच बोलायचा, म्हणून सगळे त्याला काटकोन म्हणत.

"हे घ्या ताई. दोन आकडे, एक तार, एक मूठ. खिशात मावतं."

"याच्यावर धूळ आहे."

"चांगल्या वस्तूवर बसतेच."

"आकडे पात्याच्या मध्यावर धरतात. माझी पाती दोन-दोन पट्ट्यांची, जवळजवळ आडवी. मध्ये ओढलं तर पिळतील. ते दुसरं दाखवा, घडीचं, टोकाशी पकडणारं."

काटकोनाचा कोपर काउंटरवरून उठला. हा मोठाच मान होता. "मग विचारता कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते बघायला."

तो हसला आणि घडीचं प्रेस काढून ठेवलं—जड, लांब स्क्रूचं, टोकांना रबर लावलेल्या चार बोटांचं. "लावण्याआधी पात्यांचे बोल्ट सारखे सैल करायचे, फेरे मोजून. पण आधी पूर्ण आवळून शून्य पकडायचं. दाखवतो." त्यानं किल्ली घालून बोल्ट आवळायला घेतले. एक फेरा. दोन. तीन... वरचा तीन, खालचाही तीन. "कुणी सैल केलेत हो हे?"

"दादाशिवाय कुणी हात लावत नाही."

"मग त्यांनीच. पूर्ण आवळलं, तेव्हा हे आत्ता झालं पंचेचाळीस. आधी सदतीस-अडतीस असेल. ओढून बघा."

तिनं ओढलं. अर्ध्यावर, चाकं पलटी घेऊन ओझं हलकं होतं त्याच्या जरा अलीकडे, खांद्यानं स्पष्ट नाही म्हटलं. तिनं दोरी सावकाश, न सोडता परत नेली. काटकोन अतिशय सभ्यपणे स्क्रूच्या डबीत काहीतरी शोधत होता.

"जड झालं वाटतं."

"आजवर हलकं होतं," ती म्हणाली. "प्रेस बांधून द्या."

परतताना पाय नेहमीच्याच वेगानं पडत होते, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. तीन फेरे! साऱ्या रुग्णालयाला मापात ठेवणाऱ्या बाईनं स्वतःच्याच धनुष्याचे फेरे मोजले नव्हते, कारण तो दादाचा हात होता आणि दादाचा हात कुणी मोजतं का... दुरुस्तीनंतर तो म्हणायचा, ओढ बघू. आणि मागे उभा राहून निशाणाकडे नाही, तिच्या खांद्याकडे बघायचा. ती दीड वर्ष समजत होती, चुका काढतोय. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप? मी मागितलं होतं?—आणि तेवढ्यात आठवलं, गेल्या वर्षी त्यानं दोनदा विचारलं होतं, "थोडं वाढवू का गं?" तेव्हा ती फणकारली होती, "पंचेचाळीस पुरेत मला." त्याला तेव्हा खोकल्याची उबळ आली होती. खोकला कसला... ती रस्त्यातच हसली. शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं प्रेस उघडलं. बोल्ट मोजून सैल केले, रबरी बोटं चारी टोकांवर नीट बसली का ते दोनदा पाहिलं आणि मूठ फिरवायला लागली. पाती मुकाट्यानं आत आली, दोरी सैल पडली—इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी दोन-दोन बस! अर्धा पीळ दिला, मूठ उलटी फिरवली. पीप तिच्याकडे तोंड करून बसलं.

उरले बोल्ट. शून्यापासून आता तीन फेरे बाहेर होते, म्हणजे दादाचंच माप. तिनं किल्ली उचलली. हा आकडा इतके दिवस दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून तिला खरं बोलायची वेळच आली नव्हती. आता फेरा जो काही असेल, तिला ठाऊक असणार. तिनं वरचा अर्धा फेरा आवळला, खालचा अर्धा. ओढलं. खांदा कुरकुरला... पण आला. छिद्र गोल उघडलं, आणि त्यातून पलीकडच्या भिंतीवरचा घड्याळाचा काटा दिसला. दोरी पुन्हा जागेवर नेईपर्यंत तो एक घर पुढे सरकला होता.

फोन वाजला.

"काय मोजपट्टी, पीप फिरलं असेल एव्हाना. रविवारी घेऊन ये, करून देतो."

तिनं टेबलावरच्या प्रेसकडे पाहिलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"आणते," ती म्हणाली. "वहिनीला सांग, जेवायलाच येते."

तो आधी पीपकडे बघेल, ते सरळ दिसेल. मग किल्ली घालेल, शून्यापर्यंत आवळताना ओठ हलवत मोजेल, नेहमीसारखा... एक, दोन, आणि अडीचवर किल्ली थांबेल. नंतर तो मान वर करेल की नाही, केली तर आपण काय म्हणायचं—हे तिनं ठरवलं नाही. पण त्या अर्ध्या फेऱ्याशी त्याचे ओठ कसे अडखळतील, ते तिला आत्ताच दिसत होतं. आणि धनुष्य पिशवीत ठेवताना तिला रविवार जरा लांबच वाटला.