सदऱ्यातलं अंडं

मी झारा बोलतोय. पितळेचा, वीतभर रुंद थाळीचा आणि हातभर लांब दांड्याचा. माझ्या थाळीला एकशे एक्केचाळीस भोकं आहेत. मी ती मोजलेली नाहीत. ज्यानं पाडली त्या देवळीच्या तांबटानं गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगितली होती. गिऱ्हाईक होते ताराचंद हलवाई.

ताराचंदजींच्या दुकानात मी शेव, भजी आणि जिलब्या तेला-तुपातून काढत असे. मला हातात धरणारा माणूस होता हरिदास. चौदा वर्षं तो भट्टीपुढे बसला. पाक एकतारी झाला की नाही हे तो बोटानं नाही, नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगायचा. पुढे म्हातारपणामुळे ताराचंदजींनी दुकान बंद केलं आणि मला हरिदासच्या हवाली केलं.

दुकान गेलं, घरी बायको आणि दोन लहान मुली. कारंजाला सडकेलगतच्या सरकारी विश्रामगृहात खानसाम्याची जागा निघाली होती. मुलाखतीत विचारलं, इंग्रजी पद्धतीचं जेवण येतं का? हरिदासनं सांगून टाकलं, नागपूरला एका गोऱ्या साहेबाकडे चार वर्षं होतो. नागपूर त्यानं फक्त रेल्वे स्टेशनापुरतं पाहिलं होतं. ही गोष्ट बहात्तर सालची.

जागा मिळाली आणि मी विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लागलो. तिथून मी खूप माणसं पाहिली. मोठा अधिकारी हात धुवायला म्हणून येतो आणि पातेल्याचं झाकण उचलून बघतो. ज्याला जेवण आवडलेलं नसतं तो विहिरीच्या पाण्याची तारीफ करतो. हरिदासचं काम ऑम्लेट, टोस्ट आणि कोंबडीच्या रश्श्यावर भागत होतं. पण फाटकात जीप वळली की त्याचा हात थांबायचा. आज कोणी काही भलतंच मागितलं तर? सात वर्षांत या भीतीवाचून एक दिवस गेला नाही.

एकोणऐंशीच्या जानेवारीत तो दिवस आला. जवळच्या एका धरणाच्या दरवाज्यांची यंत्रं बसवायला पिएत्रो नावाचा इटलीचा इंजिनिअर आला होता. वर्षभर तो याच विश्रामगृहात राहिला, वरण-भातावर राहिला, मजुरांकडून हिंदी शिकला. काम संपलं, सोमवारी निघायचं होतं. शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक चीजचा मोठा तुकडा, कापडात गुंडाळलेला. दुसरी काचेची छोटी बाटली, तिच्यात सुपारीएवढे तीन काळे गोळे. मुंबईहून आलेल्या त्याच्या गाववाल्यानं त्या आणल्या होत्या.

त्यानं सांगितलं ते असं : रविवारी दुपारी धरणाच्या कामावरचे मोठे साहेब आणि इतर मिळून सात जण जेवायला येणार. त्यांना त्याच्या गावचा पदार्थ खाऊ घालायचा. अंडं कवच फोडून पाण्यात शिजवायचं, वरून चीजची दाट कढी, आणि त्यावर या काळ्या ट्रफलचे काप. ट्रफल म्हणजे जमिनीच्या पोटात वाढणारी बुरशी, त्याच्या देशात कुत्रे ती हुंगून काढतात. पदार्थाचं नाव त्यांच्या भाषेत ‘सदरा घातलेलं अंडं’. मोठ्या साहेबांनी सांगितलंय, तुला सगळं येतं, असं म्हणून पिएत्रो निघून गेला.

रविवारी सकाळी हरिदासनं पाणी खळखळ उकळलं आणि अंडं फोडून सोडलं. पांढरं सगळीकडे फाटून पसरलं. दुसरं, तिसरं. नऊ अंडी गेली. मी पाण्यातून नुसत्या चिंध्या काढत होतो.

त्याची बायको यशोदाबाई चहा घेऊन आली तेव्हा तो चुलीपुढे उकिडवा बसला होता. तिनं पातेल्यात पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“तुमी पिएत्रो साहेबाले खरं सांगून काऊन नाई टाकत?” ती म्हणाली. “सात वर्षांपासून मनात घेऊन राह्यले.”

नोकरी जाईल, तो म्हणाला. पोरी शाळेत आहेत.

“जाईन तर जाईन. मी पाहून राह्यली नं, रातचे दचकून उठता तुमी.”

हरिदास उठला. मी हातातच होतो, तसाच तो मला घेऊन व्हरांड्यात गेला. पिएत्रो ट्रंक भरत होता. हरिदास नेहमी त्याच्याशी हिंदीत बोले, पण घाबरला की त्याच्या तोंडून वऱ्हाडीच निघे.

“साहेब, मले हे येत नाई. नागपूरले मी कधी कामच नाई केलं. मी हलवाई आहो.”

पिएत्रोनं हातातला शर्ट ट्रंकेवर ठेवला. मग त्यानं खाली मान घालून आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत जे सांगितलं, ते ऐकून हरिदास खुर्चीवर बसला. साहेबापुढे खुर्चीवर बसण्याची त्याची ती पहिलीच वेळ. पिएत्रोलाही ते येत नव्हतं. त्याची आई ते करायची. ती वारली त्याला दोन वर्षं झाली. लहानपणापासून त्यानं शंभरदा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं.

मग दोघंही स्वयंपाकघरात आले. पिएत्रो डोळे मिटून आठवायचा आणि हरिदास चूल सांभाळायचा. आई अंडं थेट खुराड्यातून आणायची, पिएत्रोला आठवलं. हरिदासची अंडी बाजारातली, आठवडाभराची. यशोदाबाई उठून चौकीदार बबनरावांच्या खुराड्यावर गेली आणि पदरात दहा ताजी अंडी घेऊन आली. आईचं पाणी उकळत नव्हतं, नुसतं हलायचं. हरिदासनं लाकडं मागे ओढली आणि कान पातेल्याकडे केला. पाकासारखाच तो पाण्याचा आवाज ऐकत होता. चमचाभर सिरका, पळीनं पाण्याला भोवरा, आणि वाटीतलं अंडं हळूच मधोमध.

या वेळी पांढरं पळालं नाही. पिवळ्याभोवती गोळा झालं. हरिदासनं मला खाली घातलं आणि वर उचललं. जन्मभर मी कुरकुरीत वस्तू धरल्या होत्या; हे माझ्यावर थरथरत होतं. खरंच त्या अंड्यानं पांढरा सदरा घातला होता. यशोदाबाईनं भिंतीला पाठ टेकली.

चीज सकाळपासून दुधात भिजत होतं. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून त्यात लोणी आणि अंड्याचं पिवळं घालून घोटायचं, एवढं पिएत्रोला ठाऊक होतं. तो कपडे बदलायला गेला आणि इकडे कढीनं दाणे धरले. ही वेळ मात्र हरिदासच्या ओळखीची होती. फाटू पाहणारी रबडी त्यानं कितीदा वाचवली होती. भांडं झटकन गार पाण्यात, वरून थंड दुधाचा हबका, आणि रवी. घोटता घोटता कढी पुन्हा रेशमासारखी झाली. ट्रफल कापायला पिएत्रोनं दाढीचं कोरं पातं दिलं. काप कागदासारखे निघाले. बाटलीला नाक लावून यशोदाबाई म्हणाली, पावसाळ्यात रानात निघणाऱ्या सात्या अळंब्यांसारखाच वास आहे, जरा लसणाकडे झुकलेला.

टेबलावर चमचे वाजू लागले. अंड्याला चमचा लागला की पिवळं चीजमध्ये उतरायचं. मोठे साहेब, वासुदेवराव, शेवटी पोळीच्या तुकड्यानं ताट पुसू लागले आणि म्हणाले, नागपूरच्या त्या साहेबाकडे शिकलास ना हे?

हरिदास मला हातात धरून दारात उभा होता. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

“नाई साहेब. आजच शिकलो, पिएत्रो साहेबाच्या संगतीनं. नागपूरचा साहेब कोणी नव्हता. मी लबाड बोललो होतो.”

माझा दांडा त्याच्या घामानं ओला झाला होता. वासुदेवरावांनी तुकडा तोंडात टाकला, चावला.

“मले ठाऊक होतं,” ते म्हणाले. “गोऱ्या साहेबाच्या घरचा माणूस ऑम्लेटात एवढी मिरची टाकत नसते. पण मले तेच आवडते. आता आणखी एक अंडं असंन तर आण.”

पिएत्रो जोरात हसला आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. हरिदास आत आला, पण अंडं घ्यायचं सोडून तसाच पाटावर बसला. यशोदाबाईनंच पाणी पुन्हा चुलीवर ठेवलं.

त्यानंतर नऊ वर्षं तो त्याच नोकरीत राहिला. जीप वळली की आता तो नुसतं विचारायचा, किती जण आहेत. जे येत नसे त्याला येत नाही म्हणायचा. विश्रामगृहाची जिलबी सडकेवर प्रसिद्ध झाली.

यंदा, अठ्ठ्याऐंशीत, तो निवृत्त झाला आणि आम्ही बोरगाव मेघेला धाकट्या मुलीच्या घरी आलो. माझ्या दांड्याची खीळ दोनदा बदलली आहे, काही भोकं झिजून एकमेकांत मिसळली आहेत. सण असला तरच मला खाली काढतात. माझी तक्रार नाही. एवढीच विनंती, मला तारेच्या घासणीनं घासू नका, चिंच लावा. आणि तुमच्या स्वयंपाकघरात कुणी खाली मान घालून “मले येत नाई” म्हणालं, तर त्याला पाट द्या आणि चूल विझू देऊ नका. बरं, निघतो. हरिदास तेल तापवतोय.