बाबांनी सांगितलेला शेवट

आमच्या पुस्तक भिशीत पैशांचा काही संबंध नाही. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, आणलेली पुस्तकं सतरंजीवर मांडायची आणि चिठ्ठीत ज्याला जे येईल ते त्यानं महिनाभर घरी न्यायचं. त्याआधी एकेकानं सांगायचं, सध्या काय वाचतोय आणि कसं वाटतंय. नुसतं 'छान आहे' म्हणायला बंदी. तसं म्हणेल त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकायचा. हा नियम बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, आणि भिशीही त्यांनीच सुरू केलेली, मोहन्याच्या कारखान्यातून रिटायर होऊन ते आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले तेव्हा.

बाबा काहीही वाचायचे. भेळ खाऊन झाली की कागद सरळ करून तोसुद्धा. म्हणूनच रेवाच्या खाऊच्या पाकिटांचं काम त्यांच्याकडे आलं. रेवा माझी मुलगी, साडेचार वर्षांची, आणि तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या संकष्टीच्या खिचडीतला एकच घास तिनं खाल्लेला, बघता बघता ओठ सुजले आणि श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले, या वेळी लवकर आणलंत, पुढच्या वेळी याहून जोरात येऊ शकतं. तेव्हापासून घरात दाण्याचं कूट नाही. पण घराबाहेर ते कशात नसतं? भाजीत असतं, कोशिंबिरीत असतं, देवळातल्या प्रसादात असतं. कुणीही तिच्या हातावर काही ठेवलं की मी आधी तिच्या ओठांकडे बघते.

पाळणाघरवाल्या बाईंनी तर हातच जोडले. "ताई, बाकीची पोरं डब्यात काय आणतात ते मी कुठे कुठे बघू?" मी ठाण्याला नोकरीला, माझा नवरा सुदेश शीळफाट्याच्याही पुढे. मग दुपारी रेवाला बालवाडीतून आणायचं आणि संध्याकाळपर्यंत सांभाळायचं, हे बाबांनी आपण होऊन घेतलं. येताना कोपऱ्यावरच्या दुकानात रेवा एक पाकीट निवडते आणि म्हणते, "आजोबा, वाचा." बाबा पाकीट उलटं करतात, मागचं बारीक अक्षर वाचतात आणि निकाल देतात. पास, किंवा नापास. नापास झालेलं पाकीट रेवा स्वतः जागेवर ठेवून येते. हट्ट नाही, रडणं नाही. आजोबांनी वाचलं म्हणजे वाचलं.

आमच्या बिल्डिंगच्या खाली एक फळा आहे. रोज सकाळी बाबा त्यावर सुविचार लिहितात. एकदा मी ऑफिसला निघालेले, तेव्हा फळ्याच्या खालच्या भागात सेक्रेटरींनी ठळक लिहून ठेवलेलं, उद्या पाणी येणार नाही. बाबांनी त्याच्या वरच्या जागेत सुविचार लिहिला, हात झटकले आणि वॉचमनला विचारलं, "काय आनंदा, आज विशेष काही?"

"तुमच्या समोरच तर लिवलंय, काका."

"अरे, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय."

आनंदा हसला, मीही हसले. मला उशीर होत होता.

त्या महिन्यात चिठ्ठीत बाबांना एमिलियानं आणलेली कादंबरी आलेली. एमिलिया आमच्या वरच्या मजल्यावर राहते. माहेर ठाण्याकडचं, घरची मिठागरं होती, म्हणून तिचा त्या पुस्तकावर जीव. खाडीकाठची एक विधवा एकटीनं मिठागर चालवते आणि मुलगा मागे लागलेला असतो की विकून टाक, अशी गोष्ट. बाबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "तू वाच आधी. मला घाई नाही."

मग रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटायला घेतल्या की ते ओट्याशी स्टूल ओढून बसायचे. "कुठवर आलीस? मग ती काय करते? आणि तुला काय वाटलं?" लग्न झाल्यापासून या घरात मला काय वाटलं, असं इतक्या वेळा कुणी विचारलं नव्हतं. मी खुलून सांगायचे. मुलगा वाईट नाहीये बाबा, नुसता घाबरट आहे, म्हणून त्याचा राग येत नाही, असं बरंच काही. ते एकेक वाक्य चावून खाल्ल्यासारखं ऐकायचे.

मग रेवाला ताप आला आणि माझी शेवटची काही पानं राहून गेली. बाबांनी विचारलं, "आणि शेवट?"

"अजून वाचला नाही. पण मला वाटतं, ती विकते. आणि निघताना मूठभर मीठ पदराला बांधून नेते." तव्यावरची पोळी करपत होती, मी घाईनं उलटली.

"पदराला मीठ," बाबा म्हणाले. "वा."

भिशी त्या रविवारी आमच्याकडेच होती. मी दाणे न घातलेले पोहे केले. सुधीरकाकांनी पहिला नंबर लावला. ते मोबाईलवर रहस्यकथा वाचतात, अक्षर एवढं मोठं केलेलं की पानावर चार शब्द मावतात. "गोष्ट जबरी आहे," ते म्हणाले, "पण खुनी सापडेपर्यंत माझं बोट मोडतंय." रुपाली मुलांना न ओरडता कसं वाढवावं यावरचं काहीतरी वाचत होती. कसं वाटतंय विचारल्यावर म्हणाली, "पटतंय अगदी. फक्त वाचताना पोरं मधे आली की मी ओरडते."

मग बाबा बोलायला लागले. मी ताटल्या भरत होते आणि ऐकता ऐकता माझा हात थांबला. ते मी बोललेलंच बोलत होते. मुलगा वाईट नाही, घाबरट आहे, म्हणून राग येत नाही. तेच वाक्य. त्यातली माझी थांबण्याची जागासुद्धा तीच. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, "आणि शेवटी ती मिठागर विकते. पण जाताना मूठभर मीठ पदराला बांधते. तिथे मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ उघडलं नाही."



"काका, विकते कुठे ती?" एमिलिया म्हणाली. "ती तर बांध फोडते ना! खाडी आत घेते. ना तुला, ना मला."

"मधुकरराव, शेवटची पानं उंदरानं नेली की काय?" सुधीरकाका म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तसं पाहताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग ते सावकाश हसले. "लेखकाचा शेवट तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे. हा माझा."

सुधीरकाकांनी मांडीवर थाप मारली. टाळ्या पडल्या. एमिलियाचे डोळे भरून आले, म्हणाली, "आमच्या आईला तुमचाच शेवट आवडला असता, काका." पोहे वाटताना सगळे त्या शेवटाबद्दलच बोलत होते.

सगळे गेल्यावर मी पुस्तक बाबांसमोर धरलं. "तो बांध फोडण्याचा भाग वाचून दाखवा ना."

त्यांनी चष्मा सारखा केला. पान हातात घेतलं, थोडं लांब धरलं, थोडं जवळ. वरती प्रकरणाचं नाव होतं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. तेवढं तरी त्यांना वाचता यायला हवं होतं. "आज डोळे दमलेत गं," ते म्हणाले आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. डोळ्यांचा नंबर गणपतीच्या आधीच काढलेला. डॉक्टर म्हणालेले, या वयाच्या मानानं नजर उत्तम.

त्या रात्री मी मोबाईलवर शोधलं. मेंदूत एखादी बारीक गुठळी झाली तर असं होऊ शकतं म्हणे. माणूस बघतो, बोलतो, लिहितोसुद्धा, पण वाचता येत नाही. स्वतःचं लिहिलेलंही नाही. मी ती लिंक सुदेशला पाठवली. त्यानं अंगठा पाठवला. बाजूच्याच उशीवरून.

"अरे, अंगठा काय देतोस? बाबांना वाचता येत नाहीये."

"आज दुपारी टाळ्या कुणाला पडल्या मग?"

"ते मी सांगितलेलं होतं सगळं. शेवटही माझाच होता, अंदाजानं सांगितलेला."

"आणि रोज फळ्यावर सुविचार कोण लिहितं?"

"लिहिता येतं. वाचता येत नाही."

"असं कुठे असतं का, सोनल?" तो माझ्याकडे वळला. "रेवाच्या त्या प्रकारापासून तुला सगळीकडे काहीतरी दिसतं. मागे पंखा पडेल म्हणून वायरमन बोलावलेलास."

"पंखा हलत होता."

"सगळेच पंखे हलतात." मग म्हणाला, "आणि समज असेल तसं. काय करायचं? तू सोडतेस नोकरी, की मी?" टोमणा नव्हता तो. तो खरंच विचारत होता. दोघांच्या पगारावर हे घर चालतं. माझी आई गावी, स्वतःच गुडघ्यांनी बसलेली. मी उत्तर शोधत राहिले आणि तो झोपून गेला.

बाबांना मेंदूच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय?" घरातली सगळी पाकिटं मी काढून टाकली. मग त्यांना म्हटलं, "रेवाचे दात किडतायत, दुकानात नका नेऊ काही दिवस." ते बरं म्हणाले. संध्याकाळी रेवानं मला आनंदानं सांगितलं, "आई, आज पिवळं पाकीट पास झालं!"

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. दुकानाच्या बाजूला शहाळ्यांची गाडी लागते, तिच्या आडोशाला उभी राहिले. सासऱ्यांवर पाळत ठेवून. ते दोघं आले. रेवानं पाकीट निवडलं. "आजोबा, वाचा."

बाबांनी पाकीट उलटं केलं. ओळींवरून बोट फिरवलं, पहिल्या ओळीपासून खालपर्यंत, अगदी न चुकता. रेवा काउंटरखालच्या मांजराशी बोलायला लागली तसे ते पुढे वाकले आणि हळूच दुकानदाराला म्हणाले, "जरा बघ रे, यात दाणे आहेत का? चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या खिशात होता. दांडी बाहेर डोकावत होती.

दुकानदार फोनवर बोलत होता. त्यानं पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. "नाय काका, बिनधास्त द्या. सगळी पोरं खातात."

"पास," बाबा म्हणाले.

मी धावले. रेवानं पाकीट फोडलेलं होतं, मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. ती आधी दचकली, मग "आई!" म्हणून माझ्या पायांना बिलगली. बाबा जागच्या जागी उभे राहिले. मी कुठून आले, का आले, काही विचारलं नाही त्यांनी.

"कधीपासून, बाबा?"

"गणपतीनंतर. सकाळी पेपर उघडला आणि..." त्यांनी हवेत हात फिरवला. "अक्षरं दिसतात गं सगळी. लागत नाहीत."

"मला सांगायचं नाही? निदान हिचं तरी?"

"मी विचारून घेतो ना, रोज. विचारल्याशिवाय कधी दिलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "सांगितलं असतं, तर हिला आणायला कोण आलं असतं?"

याच प्रश्नाशी मी सुदेशजवळ अडलेले. इथे तर भर रस्त्यात उभी होते. पर्समध्ये फोन वाजत होता, ऑफिसचाच असणार. उद्या दुपारी मी ठाण्याला असणार, परवाही.

"खाऊ ना?" रेवा म्हणाली.

मी पाकीट उलटं केलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. गव्हाचं पीठ. साखर. पामतेल. दुधाची पावडर. बाबा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते, तपासून घेतल्यासारखी. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा वरून सुरुवात केली. शेंगदाणा कुठेच नव्हता. या पाकिटात नव्हता.

"घे," मी म्हटलं.

रेवानं हात मागे घेतला. "तू नाही. आजोबा सांगतील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली.

"पास," ते म्हणाले, आणि तिनं बिस्किट तोंडात टाकलं. मी तिच्या ओठांकडे बघत उभी राहिले.